गयाक्कांचं कुंपण

गयाक्कांच्या घरून कुणी रिकाम्या हातानं परत येत नसे. चहा मिळो न मिळो, निघताना हातात वीतभर हिरवी काडी पडायचीच. पाहुणा चपला शोधेपर्यंत त्या विळ्यानं खचकन एक फांदी तोडत, पानं ओरबाडून टाकत आणि काडी पुढं करत. "दारात टोचा आन् इसरून जावा." मग लगेच कपाळाला आठ्या घालून, "पर साफ इसरू नका बरं का. लक्ष ठिवा जरा."

आता विसरायचं की लक्ष ठेवायचं, हे त्यांनी कधी कुणाला नीट सांगितलं नाही. द्यायची हौस दांडगी आणि दिल्याबरोबर काळजी सुरू, असा त्यांचा स्वभाव होता.

घाटनांदूरजवळच्या त्या गावात मी आरोग्य उपकेंद्राची सिस्टर म्हणून गेले, तेव्हा ट्रंक एसटीतून उतरवून होते न होते तोच ही बाई काड्या घेऊन हजर. उंच, किडकिडीत, हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू आणि डोळे असे की आत्ताच कुणीतरी वाईट बातमी सांगणार आहे. मी प्रवासानं वैतागलेली. म्हटलं, "आक्का, मला प्यायला पाणी नाही आणि तुम्ही झाडं कसली देताय?"

"हिला कशाला पानी?" त्या म्हणाल्या. "ही तशीच येती. माझ्या माहेरची हाय, धर्मापुरीची. तुमची न्हाणी उघडी हाय, मागच्या बाजूनं लावा. बाईमानसाला आडोसा लागतो."

न्हाणी उघडी होती, हे खरं. आमच्या खात्यानं मला राहायला खोली दिली होती आणि अंघोळीला नुसती फरशी दिली होती. मी काड्या टोचल्या. आठवड्यात कोंब आले, पाऊस संपेपर्यंत कमरेला लागल्या आणि पुढच्या वर्षी डोक्याच्या वर गेल्या. बदामाच्या आकाराची पानं आणि बारा महिने जांभळट गुलाबी फुलं. सगळा मराठवाडा त्या झाडाला बेशरम म्हणतो. गयाक्का मात्र ते नाव घेत नसत. "माझी फुलं" म्हणत. मला ती फुलं आवडायची. उन्हाळ्यात डोळे भाजून निघावेत अशा त्या गावात तेवढाच काय तो रंग होता. हळूहळू झाड न्हाणीच्या फरशीखालून पलीकडं निघालं, सांडपाण्याच्या चरात शिरलं, दवाखान्याच्या पायरीशी आलं. मी कुरकुर केली की गयाक्का विळा घेऊन यायच्या, छाटायच्या आणि म्हणायच्या, "लावलंय म्या, बघायचं बी म्याच." हे वाक्य त्यांच्या तोंडात कायम असे.

काळजी करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या कधी बूड टेकून बसल्या नाहीत. उकिडव्या बसायच्या, एक टाच उचललेली, कधीही पळता यावं म्हणून. नवरा शेतावरून यायला उशीर झाला की विहिरीत डोकावून यायच्या. एकदा मी शिंकले, तर सुंठ उगाळून घेऊन आल्या. म्हटलं, "आक्का, सिस्टर मी आहे." तर म्हणाल्या, "म्हनूनच. तुमाला झालं तर गावानं कुनाकडं जायचं?"

तर अशा बाईला गावातल्या बायकांनी चेअरमन केलं. शेळीपालन सहकारी संस्थेची चेअरमन. संस्था म्हणजे गावाच्या कडेला पडीक जागेत एक पत्र्याची शेड, तिच्यापुढं मोकळा वाडा आणि पत्र्यावर रंगवलेली पाटी. पण तिचं काम मोठं होतं. दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला जायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जायचा आणि ट्रक भरून माणसं निघायची. गायबैल कुणाच्या तरी दावणीला बांधता येत, शेळ्या कुणी घेत नसे. त्या संस्थेच्या वाड्यात ठेवून जायच्या आणि हंगाम संपला की परत न्यायच्या, अशी पद्धत गयाक्कांनी घातली.

निघायच्या दिवशी वाड्यावर गर्दी व्हायची. प्रत्येक बाई आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून आपल्या शेळीच्या गळ्यात बांधायची, ओळख राहावी म्हणून. मग शेळीला गयाक्कांसमोर उभी करायची. गयाक्का शेळीच्या पाठीवर हात ठेवून म्हणायच्या, "उभी दिलीस, उभीच देईन." एवढंच. कागद नाही, अंगठा नाही. पुढची बाई पुढं यायची.

वाड्याला आधी काट्याचं कुंपण होतं. पण जळणाला काटे लागतात, रोज कुणीतरी चार फांद्या ओढून न्यायचं. गयाक्कांनी तोडगा काढला. सगळ्या वाड्याभोवती आपल्या काड्या टोचल्या. ह्या झाडाला जनावर तोंड लावत नाही, ते जळणालाही बरं नाही आणि पाणी मागत नाही. दोन वर्षांत भिंत उभी राहिली, फुलांची भिंत. तालुक्याचे साहेब बघून गेले, कौतुक करून गेले. गयाक्का त्या दिवशीही कोपऱ्यात उभ्या राहून कुंपणाच्या मुळाशी बघत होत्या. "लईच पसराया लागलीय," एवढंच पुटपुटल्या.

मग तो दुष्काळ आला. दुष्काळ आमच्याकडं पाहुणा नसतो, घरचाच असतो, पण हा दांडगा होता. ज्वारी उगवून वाळली. तळ्याचा तळ दिसू लागला, मध्ये तेवढी चिखलाची डबकी उरली. छावण्या उघडल्या. तिथं गायबैलांची सोय झाली, शेळ्यांना कोण विचारतंय! गयाक्का डोक्यावर भारे वाहून पाला आणत होत्या, पण पाला असणार कुठं?

अशात एक दिवस शेळ्यांनी कुंपणाला तोंड लावलं.

बघणाऱ्या बायका हसल्या. चला, चाऱ्याचा प्रश्न मिटला. घरचं कुंपण, फुकटचा चारा आणि छाटलं की महिन्यात परत हिरवं. एकट्या गयाक्का हसल्या नाहीत. माझ्या दारात येऊन उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "सिस्टरबाई, ह्या आजवर त्येला हुंगत बी नव्हत्या. आता कावून खायल्यात?"

"भूक लागलीय म्हणून."

"मला भ्या वाटायलंय."

"आक्का, तुम्हाला कशाचं भ्या वाटत नाही?" मी चेष्टेनं म्हटलं. त्या उठून परत वाड्याकडं गेल्या.

महिना-दीड महिना गेला असेल. मी लसीकरणाच्या पेट्या आवरत होते, तर गयाक्का धापा टाकत आल्या. "चला. चांदीला काय तरी झालंय."

चांदी म्हणजे शालनची शेळी. शालन जयभीमनगरातली, संस्थेची पहिली सभासद आणि गयाक्कांची जिवाभावाची. गयाक्कांनी शालनच्या घरचा चहा पिणं त्यांच्या सासूला पटत नसे. गयाक्का सासूसमोरच पिऊन यायच्या आणि मग आठ दिवस सासूच्या रागाची काळजी करत बसायच्या. चांदीची आई वितानाच मेली होती. शालननं ते पिल्लू स्वतःच्या लेकीच्या बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. पांढरीशुभ्र, कपाळावर एक काळा ठिपका. गळ्यात शालनच्या निळ्या लुगड्याची चिंधी.

मी म्हटलं, "मी माणसांची सिस्टर आहे हो." पण गेले. चांदी कुंपणाकडं तोंड करून उभी होती. मी हाक मारली, तिनं मान वर उचलली आणि मान थरथरू लागली. थांबेचना. वळायला गेली तर मागचे पाय एकमेकांत अडकले आणि ती बसली. पलीकडं आणखी दोघीतिघी तशाच, हाडं वर आलेल्या. गयाक्कांनी पुढ्यात कडब्याची पेंढी टाकली. कडबा त्या दिवसांत सोन्याच्या भावानं मिळायचा. शेळ्यांनी तो हुंगला, आणि तोंड फिरवून पुन्हा कुंपणाकडं गेल्या.

घाटनांदूरहून जनावरांचे डॉक्टर आले. भला माणूस, उगाच आशा लावणारा नव्हता. शेळीची मान उचलून बघितली, सोडली आणि म्हणाले, "हे त्या कुंपणानं केलंय. हिरवं दुसरं नाही म्हणून खाल्लं आणि आता चटक लागली. यावर औषध नाही. हे तोडा, यांना लांब ठेवा, दुसरं काहीही खायला घाला. बऱ्याचशा सावरतील. बाकीच्यांचं बघू."

"बघू म्हंजी काय, डॉक्टर?"

डॉक्टरांनी पिशवी आवरता आवरता विचारलं, "एवढं लावलं कुणी?"

"म्या," गयाक्का म्हणाल्या.

डॉक्टरांची गाडी वळणावरून दिसेनाशी व्हायच्या आत त्यांनी कुदळ उचलली. तोडून भागत नव्हतं, मूळ काढायला लागायचं. वाळलेली जमीन म्हणजे दगड. पारावर बसलेल्या माणसांना चेष्टा सुचली. एक जण ओरडला, "आक्का, गावात हिरवं तेवढंच हाय, त्ये बी काढायल्या व्हय?" गयाक्का वर न बघता म्हणाल्या, "इकडं ये आन् एक मूळ वढून दाव, मंग बोल." तो आला नाही. बायका आल्या. मीही सुट्टीच्या दिवशी गेले. तोडलं की पांढरा चीक हातावर यायचा, धुतला तरी जायचा नाही, मनगटापर्यंत सगळं चिकट.

वाडा मोकळा झाला, पण गयाक्कांच्या जिवाला चैन नव्हतं. त्यांनी अख्ख्या गावाला काड्या वाटल्या होत्या. शेळी सुटली की कुणाच्याही दारात जाणार. म्हणून त्या घरोघर जाऊन दिलेलं परत मागू लागल्या. असं मागणं मी जन्मात बघितलं नाही. दारात उभं राहून, पदर दोन्ही हातांनी धरून, "तेवढं माझं मला काढून न्यू द्या." लोक चिडायचे. कुणी म्हणायचं, आक्का, दिलेलं कुणी परत मागतं का? तरी त्या दार सोडायच्या नाहीत.

माझ्याकडं आल्या तेव्हा मीही चिडले. "आणि मी अंघोळ कुठं करू? पारावर?"

गयाक्का परत गेल्या आणि थोड्या वेळानं आपलं ठेवणीतलं लुगडं घेऊन आल्या, लग्नातलं, जरीकाठी. चार बांबू रोवले आणि ते लुगडं माझ्या न्हाणीभोवती बांधलं. मग खाली बसून मुळं खणू लागल्या. त्यानंतर वर्षभर मी जरीकाठी आडोशाला अंघोळ केली. गावात त्याची केवढी चर्चा!

काढलेला पाला नुसता टाकूनही चालत नव्हता. ओल लागली की तुकडा न् तुकडा जगायचा. गयाक्का तो खडकाळ माळावर पसरून कडकडीत वाळवायच्या आणि मग जाळायच्या. सगळ्यांना ओरडून सांगत होत्या, माळावरच न्या म्हणून. पण माळ लांब आणि तळं जवळ. कुणीतरी कंटाळा करून दोन-चार भारे तळ्यातल्या चिखलात लोटले. कुणी लोटले ते कधीच कळलं नाही आणि गयाक्कांनीही विचारलं नाही.

ह्या सगळ्यात वेळ हातात नव्हता. एरवी कोयते गुढीपाडव्याच्या पुढं परतायचे. त्या साली ऊसच नव्हता, त्यामुळे पट्टा लवकर पडणार, म्हणजे हंगाम आधीच आटोपणार, अशी बातमी होती. गयाक्कांच्या तोंडचं पाणी पळालं. रस्त्यावर ट्रकचा आवाज आला की हातातलं काम टाकून उठायच्या. पिंपळाचा पाला, उंबराचा पाला, बाभळीच्या शेंगा, घरातली ज्वारी, जे मिळेल ते शेळ्यांना घालायच्या. शेळ्या मान फिरवायच्या. गयाक्का त्यांच्या तोंडात हातानं घास सारायच्या आणि लहान लेकराशी बोलावं तसं बोलायच्या, "खा माय, खा. तुझी मालकीन यील आता. तिला काय तोंड दावू?"

हळूहळू शेळ्या सावरू लागल्या. एक खाऊ लागली, मग दुसरी. दोघी गेल्या. त्या गयाक्कांच्या स्वतःच्या होत्या, आणि मला वाटतं, त्याचं त्यांना बरंच वाटलं असावं. चांदी जगत होती, पण उठत नव्हती.

ट्रक आला तो भर दुपारी. शालन बोचकं घरी न टाकता तशीच वाड्यावर आली, मागं बायकांचा घोळका. मी दवाखाना उघडा टाकून धावले. मला भीती वाटत होती, शालन काय म्हणेल याची नव्हे, गयाक्कांचं काय होईल याची.

वाड्याच्या मधोमध गयाक्का उभ्या होत्या. त्यांनी चांदीच्या पोटाखालून आपलं धडुतं घातलं होतं, त्याची दोन्ही टोकं मुठीत धरली होती आणि चांदीला उचलून पायांवर उभी केली होती. किती वेळ तशा उभ्या होत्या कोण जाणे. चांदीची मान थरथरत होती, आणि बाई घामानं निथळत म्हणत होत्या, "उभी दिलीस शालन. उभीच देते. घे."

शालन जवळ गेली. चांदीच्या गळ्यातली निळी चिंधी तिनं बोटानं चाचपली.

"आक्का, सोडा तिला."

"सोडली तर बसंल."

"बसू द्या की."

गयाक्कांना मुठी सोडता येईनात. शालननं एकेक बोट उलगडलं. चांदी बसली. शालन तिच्याशेजारी मातीत बसली, तिचं डोकं मांडीवर घेतलं. गयाक्का धावत जाऊन आपल्या दावणीची तांबडी शेळी सोडून घेऊन आल्या, गाभण, धडधाकट. दावं शालनपुढं धरलं.

"ही ने."

शालन एकदम भडकली. ती अशी बोललेली मी पहिल्यांदाच ऐकली. "तुमची मला कशाला? म्या तुमच्यापाशी चांदी ठिवल्ती. बसल्याली असली तरी माझी हाय. माझी मला द्या." आणि मग तिचा आवाज फुटला. "तुमी इतकं केलं, आन् मला परकी करता व्हय आक्का?"

तेव्हा गयाक्का रडल्या. उभ्या उभ्या, तोंडावर पदर न घेता, मोठ्यानं. आणि रडता रडता त्या खाली बसल्या, चक्क बूड टेकून, मातीत. त्यांना तसं बसलेलं मी त्या दिवशी प्रथम बघितलं.

चांदी पावसाळ्यात उठली. तिला पुढं पिल्लंही झाली. मान मात्र जन्मभर थोडी हलत राहिली. वाड्याजवळून ती चरायला निघाली की गयाक्का त्या मानेकडं बघत राहायच्या. आणि त्याच पावसात तळं भरलं, तर कडेकडेनं जांभळी फुलं वर आली. लोटलेले भारे जगले होते.

गयाक्कांचं उरलेलं आयुष्य त्या तळ्यावर गेलं, असं म्हटलं तरी चालेल. पाणी उतरेल तसं त्या काठानं खणत जायच्या, पाऊस पडला की पुन्हा फुटायचं, पुन्हा त्या खणायच्या. "आक्का, हे संपणारं नाही," मी एकदा वैतागून म्हटलं. "आता शेळ्यांना दुसरा चारा मिळतो, ह्याला त्या तोंडही लावत नाहीत, सोडा ना नाद." त्यांनी कुदळीवर हनुवटी टेकली. "दुस्काळ पुन्ना यील का न्हाई? तवा शेळीला हेच हिरवं दिसंल." मग तेच वाक्य, "लावलंय म्या, बघायचं बी म्याच." ह्यावर मी हात टेकले.

माझी बदली परळीकडं झाली. अधूनमधून जाणं व्हायचं. शेवटी गेले तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. दोन्ही मुलगे पायाशी बसलेले, नातवंडं दारात. माझा हात धरून विचारलं काय, तर "सिस्टरबाई, येताना तळ्यावरनं आल्ता का? वडाच्या बाजूला फुटलंय का वं?" मी बघितलं नव्हतं, तरी म्हटलं, नाही फुटलं. त्यांना ते खरं वाटलं नाही. डोळ्यांत तीच काळजी घेऊन चार दिवसांनी त्या गेल्या.

दहाव्याला मी गेले. विधी तळ्यावरच होता, पाणी पार आत गेलं होतं. बाप्ये पुढं, आम्ही बायका जरा मागं. शालनही आली होती, केस पांढरे झालेले. "आमी ह्ये मानत न्हाई," ती माझ्या कानात म्हणाली, "पर आक्कांसाठी आलेय." पिंड ठेवला. कावळे वडावर बसून होते, पण एकही खाली येईना. ऊन वाढलं. मोठ्या मुलानं हात जोडून म्हटलं, धाकट्याला अंतर देणार नाही. कावळा ढिम्म. धाकटा म्हणाला, शेत विकणार नाही. कुणी म्हणालं, नातीचं लग्न थाटात करू. कुणी म्हणालं, नारायणगडाला जाऊन येऊ. कावळे बसलेलेच. बाप्ये एकमेकांची तोंडं बघू लागले. आता दर्भाचा कावळा करायचा की काय, अशी कुजबुज सुरू झाली.

शालननं मला कोपरानं ढोसलं. वडाच्या बुंध्यापलीकडं, ओलीत, बदामाच्या आकाराची चार पानं वर आली होती. आणि त्यापुढं आणखी.

ती उठली. मी उठले. मग कुणी कुणाला न सांगता सगळ्याच बायका उठल्या. पदर खोचले. कुदळ कुठली असणार तिथं, हातानं, काटकीनं, बांगडीच्या हातांनी माती उकरून आम्ही मुळं ओढू लागलो. कावळ्याची कुणाला आठवणही राहिली नाही. चीक मनगटापर्यंत आला. वास आला तोच, त्या वर्षीचा. मला गयाक्का इतक्या आठवल्या की डोळ्यांपुढचं दिसेना, तरी हात थांबेनात.

परतलो तेव्हा पिंड उष्टा झाला होता. कधी झाला, कुणी बघितलं नव्हतं. बाप्यांमध्ये वाद चालला होता, कावळा कुणाच्या बोलण्यानं आला म्हणून. थोरला म्हणत होता माझ्या, धाकटा म्हणत होता माझ्या. एकानं आम्हाला बोलावलं, "चला, आता घरी चला, झालं सगळं."

शालननं तिकडं बघितलंसुद्धा नाही. हातातली मुळं ती खडकावर एकेक करून पसरत होती, एकमेकाला चिकटू न देता.

"थांबा वं जरा," ती म्हणाली. "आधी वाळू द्या. वल्ली ऱ्हायली तर परत फुटतेल."